जुन्या मोटारी : ठिणगी आणि एंजिन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावर मोटारीच्या एंजिनाविषयी बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, ती सहेतुकच असावी. आपल्यापैकी कित्येकांच्या दारी वडिलांची वा आजोबांची फियाट, अँबेसडर किंवा जीप अद्याप उभी आहे. ती वाटेत बंद पडू लागली की, "नवे एंजिन टाका, कटकट संपेल," असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. तो सल्ला मानण्यापूर्वी इंग्लंडातील जग्वार मोटारीची हकीकत आपण ऐकून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि नेमक्या क्षणी विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. त्यासाठी बॅटरी, कॉईल व पॉइंट यांची जी व्यवस्था अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सिद्ध केली, ती कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे साठ वर्षे जगभर चालली. पॉइंट उघडले की कॉईलमधील प्रवाह तुटतो, आणि त्या तुटण्यामुळेच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. हे पॉइंट म्हणजे धातूच्या दोन इवल्याशा टिकल्या. त्यांच्यामधील फट सुमारे ०.४ मिलिमीटर. त्या जळतात, झिजतात, फट बदलते, आणि गाडी 'मिसिंग' करू लागते. जुन्या चालकांना हे सांगावयास नकोच. कानशीचा तुकडा जवळ बाळगल्याशिवाय ते घाट चढत नसत.

१९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यावर या टिकल्यांचे काम त्याच्याकडून करवून घ्यावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविक होते. अमेरिकेत १९६३ च्या काही पाँटियाक मोटारींत डेल्को-रेमी कंपनीची पॉइंटविरहित व्यवस्था मिळू लागली. क्रायस्लर कंपनीने १९७३ पासून आपल्या मोटारींत अशी व्यवस्था सरसकट बसविली.

जग्वारला मात्र हा मार्ग हौसेने नव्हे, गरजेने धरावा लागला. १९७१ साली ई-टाइप मोटारीत तिने बारा सिलिंडरांचे, ५.३ लिटरचे नवे एंजिन घातले. हिशेब करून पाहा. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेते तेव्हा ६,००० ठिणग्या लागतात. बारा सिलिंडरांचे एंजिन ६,००० फेऱ्यांवर गेले की ३६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला ६००! एवढ्या वेगाने उघडझाप करणे पॉइंटच्या स्प्रिंगला झेपणारे नव्हे. म्हणून ल्युकस कंपनीची 'ओपस' नावाची व्यवस्था आली. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या जागी प्लास्टिकची फिरती चकती, तिच्यात फेराइटच्या बारा लहान कांड्या, आणि प्रत्येक कांडी समोरून जाताच इशारा देणारे एक वेटोळे. तो इशारा ॲम्प्लिफायरच्या पेटीत जाई आणि पेटी कॉईलचा प्रवाह तोडी.

कल्पना उत्तम होती, जागा चुकली. ती पेटी सिलिंडरांच्या दोन रांगांमधील घळीत, म्हणजे एंजिनाच्या ऐन उष्णतेत बसविली गेली, आणि उष्णता हा तर त्या काळच्या ट्रान्झिस्टरचा वैरीच. गाडी तापली की ठिणगी बंद. तासाभराने निवली की पुन्हा सुरू! मेकॅनिक तपासावयास येई तेव्हा दोष गायब झालेला असे. पुढे पेटी रेडिएटरजवळ, थंड जागी हलविण्यात आली.

पण तोवर लौकिक बिघडला होता. अमेरिकेतील कित्येक मालकांनी बारा सिलिंडरांचे एंजिन उपटून १९५५ पासून प्रसिद्ध असलेल्या शेव्हरोले व्ही-८ घराण्यातील एंजिन तेथे बसविले. त्यासाठी लागणारे सुटे भाग संचाने विकले जात. ते एंजिन स्वस्त व टिकाऊ होते, आणि जग्वारचे एंजिन तापण्याचीही तक्रार होती, हे मान्य केले पाहिजे. तरीही एका पेटीचा दोष संपूर्ण एंजिनावर लादला गेल्याची उदाहरणे थोडी नसावीत. एंजिन बदलले की आधार, गिअरबॉक्सची जोडणी, प्रॉपेलर शाफ्ट, रेडिएटर, तारा, फेरे दाखविणारे घड्याळ, सारेच बदलत जाते. मौज अशी की, १९८० च्या दशकात ल्युकसने जग्वारसाठी जी नवी पेटी दिली, तिच्या पोटात जनरल मोटर्सचाच एक छोटा मॉड्यूल होता. अमेरिकन एंजिन आणण्याऐवजी एवढा अमेरिकन तुकडा पुरेसा ठरला!

एंजिनबदल सदैव वाईटच, असे मी म्हणत नाही. एमजी कंपनीने १९७३ साली स्वतःच आपल्या बी-जीटी मोटारीत रोव्हरचे ३.५ लिटरचे व्ही-८ एंजिन घातले. ते ॲल्युमिनियमचे असल्याने जुन्या लोखंडी चार सिलिंडरांच्या एंजिनाहून फारसे जड नव्हते, म्हणून गाडीचा तोल राहिला. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल एंजिन घातलेल्या जीपा काही कमी नाहीत. पोटासाठी केलेल्या त्या बदलाला कोण नावे ठेवील?

परंतु आता कायद्याचीही बाजू आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. चॅसिस, बॉडी वा एंजिन यांत भरीव फेरफार झालेला असेल तर तो मान मिळत नाही. तेव्हा घरची गाडी त्या वयाला पोचली असेल, तर एंजिनाला हात लावण्यापूर्वी पॉइंट, कंडेन्सर, कॉईल व तारा तपासून घ्याव्यात. पॉइंटचा कंटाळाच आला असेल, तर डिस्ट्रिब्युटरच्या आत मावणारी इलेक्ट्रॉनिक जोडणी मिळते. ती दोन स्क्रू सोडून पुन्हा काढता येते. मात्र बसविण्यापूर्वी बॅटरीची कोणती बाजू चॅसिसला जोडली आहे, ते पाहावे. जुन्या कित्येक ब्रिटिश मोटारींत धन बाजू चॅसिसला असे, आणि उलट जोडलेली पेटी क्षणार्धात जळते. काढलेले पॉइंट व कंडेन्सर टाकून न देता कागदात गुंडाळून डिकीत ठेवावेत. पेटीने वाटेत दगा दिलाच, तर ते पुन्हा बसवून घरी येता येते.