कार्यकर्त्याच्या हाती कॅमेरा

समाजकार्य करणाऱ्या माणसाला आपल्या भागातील स्थिती जगापुढे मांडता आली पाहिजे, ही अपेक्षा जुनीच आहे. पूर्वी तो अहवाल लिही, वर्तमानपत्राला पत्र धाडी, फार तर एखाद्या बातमीदाराला वस्तीत घेऊन जाई. आता त्याच्या खिशातील फोनमध्येच कॅमेरा आला आहे. परंतु साधन हाती येणे निराळे आणि विद्या अंगी बाणणे निराळे. या विद्येचा विचार ज्या शहरात फार आधी सुरू झाला, त्यांत कोलकात्याची गणना करावी लागेल.

कॅनडातील जेसुइट धर्मगुरू फादर गास्ताँ रोबेर्ज १९६१ साली त्या वेळच्या कलकत्त्यात आले. प्रवासाला निघण्यापूर्वी न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सत्यजित राय यांची अपू-चित्रत्रयी पाहिली होती. बंगालची ओळख त्यांना प्रथम पडद्यावर झाली. पुढे १९७० मध्ये राय यांच्या पाठिंब्याने त्यांनी ‘चित्रबाणी’ ही संस्था स्थापिली. चित्रपट म्हणजे केवळ करमणूक नव्हे, ते समाजाने समाजाशी बोलण्याचे माध्यम आहे, ही या संस्थेमागची धारणा होती. रोबेर्ज २०२० मध्ये निवर्तले. सॉल्ट लेक भागात राज्य शासनाने इटलीच्या सहकार्याने उभारलेले ‘रूपकला केंद्र’ही सामाजिक संज्ञापनाचे शिक्षण देण्यासाठीच स्थापन झाले.

ही विद्या सामान्य माणसाला झेपेल काय, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर अहमदाबादेने दिले आहे. १९८४ साली ‘सेवा’ संघटनेतील वीस स्त्रियांना मार्था स्टुअर्ट या अमेरिकन प्रशिक्षिकेने चित्रीकरण शिकविले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तरी त्या कॅमेरा चालवू लागल्या. कारण यातील तंत्रभाग फारसा दुर्बोध नाही. कॅमेरा स्थिर धरावा, उजेड बोलणाऱ्याच्या पाठीमागून न येता तोंडावर यावा, मायक्रोफोन तोंडाजवळ असावा; आधी परिसर, मग माणूस, मग त्याचे काम करणारे हात दाखवावेत; प्रश्न थोडक्यात विचारावा आणि उत्तर पुरे होऊ द्यावे. एवढे काही आठवड्यांत साधते.

अवघड धडा याच्यापुढे सुरू होतो. बातमीदाराला जो विश्वास संपादन करावा लागतो, तो कार्यकर्त्याला आधीच लाभलेला असतो. त्याच्यासमोर लोक मोकळेपणाने बोलतात, आणि म्हणूनच त्याच्याकडून घात होण्याचा संभवही अधिक असतो. कोलकात्यातील सोनागाछी या वेश्यावस्तीतील मुलांच्या हाती छायाचित्रणाचे कॅमेरे देण्यात आले. त्या उपक्रमावरील ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. मुलांची दृष्टी जगाने वाखाणली. पण आक्षेपही उठला: तेथील स्त्रियांनी संघटित होऊन जे कार्य चालविले होते, ते चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. पारितोषिक दूरदेशी मिळते. चित्रातल्या माणसांना मात्र त्याच गल्लीत नांदायचे असते.

म्हणून चित्रीकरणापूर्वी घेतलेली संमती पुरेशी नव्हे. चित्रफीत जोडून झाल्यावर ती प्रथम त्या माणसांनाच दाखवावी, आणि त्यांनी नको म्हटलेला भाग, कितीही परिणामकारक असला तरी, काढून टाकावा.

दुसरा मोह संस्थेच्या पोटातला आहे. देणगीदाराला करुणा भावते, म्हणून रडणारा चेहरा निवडला जातो आणि भांडून नळ मिळविणारी बाई गाळली जाते. अशी फीत जाहिरात होईल, पत्रकारिता होणार नाही. स्वतःच्या संस्थेची शाळा बंद पडली असेल, तर तेही ज्याला दाखविता येते, तोच खरा वार्ताहर. ज्या संस्थेला एवढे धैर्य नाही, तिने कार्यकर्त्याला कॅमेरा शिकवावा, पण त्या शिक्षणाला पत्रकारितेचे नाव देऊ नये.