सावलीची मालकी

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढे केलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



एकाने उपभोग घेतल्याने जी वस्तू दुसऱ्याच्या वाट्याला कमी येत नाही, ती सार्वजनिक वस्तू होय, असे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पाठ्यपुस्तके उदाहरण देतात दीपस्तंभाचे. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपल्या मुलांना त्यातून काय उमजणार? याहून चांगले उदाहरण आपल्या गावाच्या मध्यावरच आहे.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी भुईकोट किल्ल्याच्या कडेने जात असता ऊन सोसवेना, म्हणून मी आत शिरलो. बाहेर वाहनांचा कोलाहल. आत, दुहेरी तटांच्या आड, बाग आणि कडुनिंबाची सावली! या तटाला वळसा घालून रोज कामावर जाणाऱ्या किती जणांना त्या सावलीत क्षणभर बसावयास मिळाले असेल?

ही बाग टिकली कशी, हे समजून घेतले पाहिजे. बहामनी काळातील हा कोट १८१८ साली इंग्रजांनी पेशव्यांकडून घेतला. त्याचे लष्करी प्रयोजन कधीच संपले. पण संरक्षित स्मारक म्हणून त्याची जमीन विक्रीस निघू शकत नाही. बंद गिरण्यांच्या जमिनीची चर्चा मात्र चौरस फुटांच्या भाषेत होते. बाजाराला सावलीची किंमत कळत नाही. त्याला कळतो तो भूखंडाचा भाव.

आणि जी टिकली ती तरी सर्वांची आहे काय? प्रवेशाला तिकीट आहे. मुलांना ते माफ असले तरी आईबापांना काढावे लागते. शिवाय सूर्यास्ताला दार बंद होते. यंत्रमागावरची पाळी संपवून पूर्व भागातला कामगार निघतो, तेव्हा दिवस मावळलेला असतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या दिवसाला ती कधीच लाभली नाही. सावलीत बसावयाचे तर फुरसतही हवी, आणि फुरसतीची वाटणीही मिळकतीइतकीच विषम आहे.

काही सहकारी म्हणतील, आधी भाकरी, मग बाग. हा क्रम मला मान्य नाही. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा काढणाऱ्या कुटुंबाला सावली ही चैन नव्हे. ती आरोग्याची गरज आहे. बागेतल्या माळ्याचे वेतन आणि पाणी यांना खर्च येतो, हे खरे. पण आणखी एक माणूस झाडाखाली बसल्याने तो वाढत नाही. म्हणून तो दारावर वसूल न करता करांतून भागविणे न्याय्य ठरते.

कुंभारीच्या माळावर श्रमिकांनी दीर्घ लढ्याने घरे मिळविली. २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीतील १० हजार घरे विडी कामगार स्त्रियांच्या हाती आली. २०२४ च्या जानेवारीत रे नगरच्या १५ हजार घरांचे उद्घाटन झाले. छप्पर मिळाले; आता झाडे मागितली पाहिजेत.

आपली मागणी नेमकी असावी. किल्ल्यातील बाग उन्हाळ्यात रात्री आठपर्यंत खुली राहावी. सोलापूरच्या रहिवाशांना प्रवेश विनामूल्य असावा. आणि प्रत्येक नव्या वसाहतीत बागेची जागा, पाणी व माळी यांची तरतूद घरांच्या आराखड्यातच व्हावी. येत्या अंदाजपत्रकापूर्वी वस्त्यावस्त्यांतून या मागणीवर सह्या गोळा कराव्यात, अशी माझी आपणांस विनंती आहे.