घाटघर : कड्यावर राखलेली ठेव

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



नाशिककरांना भंडारदरा नवा नाही. पावसाळा लागला की घोटीमार्गे आपली वाहने तिकडे वळतात. अगस्ती ऋषींच्या तपोभूमीतून वाहणारी प्रवरा आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहून आपण परततो. परंतु तेथून थोडे पुढे, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर घाटघर येथे डोंगराच्या पोटात जे उभे राहिले आहे, त्याची वास्तपुस्त क्वचितच कोणी करतो.

कड्यावर एक धरण आणि सुमारे चारशे मीटर खाली, शहापूर तालुक्यातील चोंढे येथे दुसरे. दोहोंच्या मध्ये भूमिगत वीजगृह आणि त्यात १२५ मेगावॉटचे दोन संच. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली येऊन वीज देते. मागणी ओसरली की तीच यंत्रे उलट फिरून पाणी पुन्हा वर चढवतात. २००८ साली हा प्रकल्प कार्यान्वित झाला. कर्ज जपानचे असले, तरी घाम इथलाच होता.

कोणी म्हणेल, १०० युनिट खर्चून ७५च्या आसपासच परत मिळतात, मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. कणगीतल्या धान्याला थोडी तूट येतेच, पण अडीच्या दिवसांत तेच घर तारते. आज सौरऊर्जा वाढत असताना दुपारची वीज रात्रीसाठी राखणारी अशी कणगी राष्ट्राला हवीच.

मात्र एक ऋण विसरून चालणार नाही. या डोंगरांचे खरे राखणदार आपले महादेव कोळी आणि ठाकर बांधव आहेत. याच मातीतले राघोजी भांगरे १८४८ साली ठाण्यात हसतमुखाने फासावर गेले. अकोले तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात आषाढ-श्रावणात आभाळ फाटते आणि वैशाखात तेथील माउली हंडाभर पाण्यासाठी पायपीट करते. चारशे मीटर पाणी वर चढवण्याचे शास्त्र ज्या समाजापाशी आहे, त्याला ते तिच्या उंबरठ्यापर्यंत नेणे अशक्य कसे असेल?

यंदा भंडारदऱ्याला जाल तेव्हा केवळ धबधबा पाहून परतू नका. एखाद्या पाड्यावर थांबा, चौकशी करा आणि नाते जोडा. ज्या दिवशी कड्यावरचे घर आपल्या घराइतके उजळेल, त्या दिवशीच या विजेचे खरे मोल फिटेल.