चोरीसची माळ

गोव्यात ज्या ख्रिस्ती घरी अजून चोरीस करतात, तेथील गृहिणीचे लक्ष मे महिन्यात आभाळाकडे असते. पहिली सर कोसळण्यापूर्वी डुकराच्या तिखट मांसाच्या त्या जपमाळेसारख्या माळा कडक वाळल्या पाहिजेत.

मूळ पदार्थ पोर्तुगालचा. तिकडे मांस द्राक्षाच्या मद्यात मुरवितात व सौम्य तांबड्या मिरचीची पूड घालतात. गोव्यात मद्याच्या जागी माडाच्या सुरेचा शिरका आला, आणि मिरची झणझणीत झाली. अर्थात तीही येथली नव्हेच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती अमेरिकेतून आली.

मांसाचे बारीक तुकडे मिठात घालून रात्रभर जड दगडाखाली दाबतात. सुटलेले पाणी टाकून देतात. सुक्या मिरच्या, मिरी, जिरे, लसूण, लवंग, दालचिनी हे सारे शिरक्यातच वाटावयाचे. पाट्यावर पाण्याचा थेंबही वर्ज्य! टिकाऊपणाचे श्रेय लोक मिरचीला देतात. पण खरे काम मीठ, शिरका आणि ऊन यांचे. मुरलेले मांस स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून दोऱ्याने मणी बांधतात. मणी आतून ओला राहिला की बुरशी धरते, आणि पावसाळ्याची सारी बेगमी उकिरड्यावर जाते. म्हणून उन्हाने दगा दिल्यास माळा चुलीवर धुरात टांगतात.

पुढे समुद्र खवळतो, मासळी दुर्मीळ होते. तेव्हा चार मणी दोरा व आवरण काढून भरपूर कांद्याबरोबर मंद विस्तवावर ठेवावेत. तेलाचे कारण नाही. चरबी आपोआप सुटते. सोबतीला गरम पाव.