शहरातलं जंगल आणि आपली झाडं

आष्ट्याच्या बचत गटांतल्या आम्ही बायका आज मुंबईच्या जंगलाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ऊस-हळदीच्या मुलखात बसून मुंबईच्या जंगलाचं काय घेऊन बसलात? पण आपल्या कितीतरी घरांतली पोरं तिकडं नोकरीला आहेत, आणि तिथं जे घडलं ते उद्या आपल्या दारातही घडू शकतं.

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. बाहेर इमारती, आत बिबटे. विहार आणि तुळशी हे तलाव याच जंगलात आहेत. त्यांचं पाणी आजही मुंबई पिते. झाडाची मुळं माती धरतात, मातीत पाणी मुरतं. सगळीकडं काँक्रीट केलं, तर पाणी घरातच शिरणार. २००५ सालच्या २६ जुलैला मुंबईनं ते भोगलं. २०१९ चा कृष्णेचा महापूर बघितलेल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, उद्यानाला लागून असलेल्या आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडतोड सुरू झाली. विरोध करणारे म्हणत होते, मेट्रो हवी, पण कारशेडला जागा दुसरी बघा. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडं आडवी झाली होती.

याउलट आपलं सागरेश्वर बघा. उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते आणि गावकऱ्यांनी कष्टानं झाडं जगवली, तेव्हा कुठं १९८५ साली अभयारण्य झालं. तोडायला दोन रात्री पुरतात, वाढवायला वर्षानुवर्षं जातात.

म्हणून एक काम सांगतो. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून राज्याचा कायदा आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावावी लागते. ती दिसली की गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा. मुदतीत हरकत लिहून द्या आणि तिची पोच घ्या. खेड्यात असाल तर ग्रामसभेत विषय मांडा.

झाड पडल्यावर हळहळण्यापेक्षा आधी चार सह्या केलेल्या बऱ्या. कर्जाच्या कागदावर आपण सह्या करतोच की, मग सावलीसाठी का नको?