एका संगणकांतून दुसऱ्या संगणकांत

अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. मुलांच्या हौसेखातर घेतलेला कमोडोर ६४ हा संगणक दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून दिवाणखान्यांत ठेवलेला असे. आणि कांहीं वर्षांनीं, कचेरींतील कामाची संवय घरींहि लागल्यामुळें, वडिलांनीं आणलेला आय.बी.एम. पीसी शेजारच्या खोलींत विराजमान होई. पहिला १९८२ सालीं ५९५ डॉलरांस बाजारांत आला होता. दुसऱ्याची किंमत १९८१ सालीं १,५६५ डॉलरांपासून सुरू होत होती. मधल्या काळांत मुलानें कमोडोरवर शाळेचे निबंध लिहिलेले असत, आईनें घरचा जमाखर्च मांडलेला असे, क्वचित् एखाद्या आजोबांनीं आपल्या तरुणपणींच्या आठवणीहि टंकून ठेवलेल्या असत. हें सारें आतां नव्या यंत्रावर न्यावें असें मनांत आलें, कीं घोटाळ्यास प्रारंभ होई.

दोहोंच्या चकत्या पाहाव्या तर अगदीं सारख्या. तीच सव्वापांच इंचांची काळी फ्लॉपी, तेंच कागदी पाकीट, कित्येकदां एकाच दुकानांतून आणि एकाच पेटींतून घेतलेली. जुन्या यंत्रांतून काढून नव्यांत घातली म्हणजे काम झालें, असें कोणासहि वाटावें. परंतु पीसीला तिच्यावर कांहीं लिहिलेलें आहे याचाच पत्ता लागत नसे. पुढें विंडोज ९५ आल्यावर तर, ही चकती फॉरमॅट केलेली नाहीं, आतां करावयाची काय, असा सवाल पडद्यावर उमटूं लागला. सवाल मोठ्या अदबीचा. पण ज्यानें भोळेपणानें ‘होय’ म्हटलें, त्याच्या आजोबांच्या आठवणी त्याच क्षणीं पुसल्या जाण्याचा धोका होता.

याचें कारण चकतीवरील, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आंखणींत होतें. एकाच मापाच्या दोन शेतांत दोन शेतकऱ्यांनीं निरनिराळ्या रीतीनें सऱ्या पाडाव्या, तसा हा प्रकार. पीसीच्या चकतीवर, १९८३ पासूनच्या पद्धतीप्रमाणें, प्रत्येक बाजूस ४० वर्तुळें असत, आणि वर्तुळ आंतलें असो वा बाहेरचें असो, त्याचे ९ खंड ठरलेले. दर खंडांत ५१२ बाइट, म्हणजे ५१२ अक्षरें मावत. कमोडोरच्या १५४१ या डिस्क ड्राइव्हच्या रचनाकारांनीं मात्र बाहेरचें वर्तुळ लांबीनें मोठें असतें ही गोष्ट ध्यानांत घेतली. तेथें त्यांनीं २१ खंड पाडले आणि आंत जातां जातां ती संख्या १७ पर्यंत उतरविली. ३५ वर्तुळांचे मिळून ६८३ खंड, दर खंडांत २५६ बाइट, एकूण १,७४,८४८. शिवाय शून्य आणि एक हे अंक चुंबकीय खुणांनीं नोंदण्याची दोहोंची पद्धतहि वेगळी. पीसीमध्यें चकती वाचण्याचें काम ज्या चिपकडे सोंपविलें होतें, तिला कमोडोरची पद्धत अवगतच नव्हती.

कंपन्यांनीं गिऱ्हाइकांस बांधून ठेवण्यासाठीं हें मुद्दाम केलें, असें म्हणण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वीं न्याय्य वाटत नाहीं. तेवढ्याच चकतींत अधिक मजकूर बसविण्याची ही काटकसर होती, आणि दिवाणखान्यांतल्या खेळण्याला पुढें कचेरींतल्या यंत्राशीं सोयरीक करावी लागेल, हें त्या वेळीं फारसें कोणाच्या ध्यानीं नव्हतें. कमोडोरचा तो ड्राइव्ह तर स्वतःच एक लहानसा संगणक होता. त्याच्या पोटांत ६५०२ या जातीचा निराळा प्रोसेसर बसविलेला होता. या गोष्टीचा उपयोग पुढें १९९० नंतर कांहीं कल्पक मंडळींनीं करून घेतला. एक साधी केबल तयार करून त्यांनीं तो ड्राइव्हच पीसीच्या प्रिंटरच्या खांचेला जोडला. पीसीनें परकी चकती वाचण्याचा हट्ट सोडला आणि ती ज्याला वाचतां येते त्यालाच घरीं बोलावून घेतलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

त्यापूर्वींचा रूढ मार्ग दोन संगणकांमध्यें तार टाकण्याचा होता. आर.एस. २३२ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जोडणींत २५ पिना असत, पण कामापुरत्या तीन पुरत. दुसऱ्या पिनेंतून बोलावयाचें, तिसऱ्या पिनेंतून ऐकावयाचें आणि सातवी दोहोंची सामाईक. मात्र दोन्ही टोकांस दुसरी दुसरीशींच जोडली, तर दोघेहि एकाच तारेंत बोलणार आणि दोघेहि रिकाम्या तारेला कान लावून बसणार! म्हणून दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल करावी लागे. कमोडोरच्या बाबतींत आणखी एक पथ्य होतें. त्याच्या खांचेंत ० ते ५ व्होल्टांचा दाब, आणि पलीकडे अधिक बारापासून उणे बारापर्यंत. सरळ जोडल्यास कमोडोरची चिप जळण्याचें भय. त्यासाठीं मध्यें एक छोटी जुळवणी-पेटी बसवीत. सेकंदास १,२०० बिटांच्या वेगानें साधारणतः १२० अक्षरें जात, म्हणजे एक भरलेली चकती रिकामी व्हावयास चोवीस मिनिटें तरी लागत.

एवढ्या वेळांत तारेंतून एखादें अक्षर बिघडून गेलें तर तें कळावें कसें? शिकागो येथील वॉर्ड ख्रिस्टेन्सेन यांनीं १९७७ सालीं त्यावर जो तोडगा काढला तो एक्समोडेम या नांवानें प्रसिद्ध आहे. मजकुराचे १२८ बाइटांचे गठ्ठे करावयाचे, प्रत्येक गठ्ठ्यांतील अंकांची बेरीज करून ती सोबत पाठवावयाची, घेणाऱ्यानें ती पडताळून ‘पावलें’ किंवा ‘पुनः पाठवा’ असा जबाब द्यावयाचा. वाण्याच्या वहींतील पानाखालच्या बेरजेसारखीच ही युक्ति. तिच्यांत वाण्याच्या बेरजेचेच दोषहि होते: दोन रकमांची जागा अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. पुढें याहून कडक पडताळणी प्रचारांत आली ती यामुळेंच.

इतकें सगळें यथासांग पार पडून निबंध पीसीवर सुखरूप पोंचला, उघडून पाहिला, तों काय? लहान लिपींतलीं सारीं इंग्रजी अक्षरें मोठ्या लिपींत उभीं, आणि मोठ्या अक्षरांच्या जागीं कोपरे, रेघा, जाळ्या! यांत तारेचा कांहीं दोष नव्हता. एकहि बाइट बिघडलेला नव्हता. कमोडोरवर लहान ‘ए’ चा क्रमांक ६५ होता आणि पीसीवर तोच क्रमांक मोठ्या ‘ए’ चा. कमोडोरचीं मोठीं अक्षरें १९३ ते २१८ या क्रमांकांवर बसलेलीं. आणि पीसीच्या मूळ अक्षरसंचांत नेमक्या त्याच सव्वीस जागीं चौकटी काढण्याच्या रेघा होत्या. ओळ संपल्याच्या खुणेचीहि तीच गत. ज्यांनीं टंकलेखन-यंत्र चालविलें असेल त्यांस ठाऊक आहे कीं, ओळ संपतांना दोन क्रिया घडतात: गाडा मागें सरकतो आणि कागद एक ओळ वर चढतो. पीसीवर या दोहोंच्या दोन खुणा, १३ आणि १०, लिहीत. कमोडोर आणि मॅकिंटॉश केवळ १३ लिहीत; ॲमिगा केवळ १०. तेव्हां कमोडोरचा मजकूर तसाच छापावयास पाठविला तर गाडा मागें येई पण कागद हलत नसे, आणि सगळा निबंध एकाच ओळीवर गिरविला जाई.

या अडचणीचा खरा विचार घरांत नव्हे, विद्यापीठांत झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत मोठ्या संगणकांवर विद्यार्थ्यांना जागा अपुरी पडे. त्यांचें काम छोट्या संगणकांच्या फ्लॉपीवर उतरवितां यावें म्हणून फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनीं १९८१ सालीं एक पद्धति तयार केली आणि बाहुल्यांच्या खेळांतील एका बेडकाच्या नांवावरून तिला कर्मिट हें नांव दिलें. नांव पोरकट, पण काम प्रौढ. संभाषणाच्या आरंभीं दोन्ही यंत्रें, आपणांस किती लांबीचा गठ्ठा झेपतो, किती वेळ थांबतां येईल, हें परस्परांस सांगत. ज्याची ऐपत कमी त्याच्या बेतानें दोघें चालत. मजकूर साधा असेल तर पाठविणारा आपली लिपी सोडून एका सर्वमान्य लिपींत तो पाठवी, आणि घेणारा तेथून तो आपल्या लिपींत उतरवून घेई. दहा प्रकारच्या यंत्रांसाठीं प्रत्येक जोडीचा स्वतंत्र दुभाष्या ठेवावयाचा तर नव्वद दुभाषे लागतात. मध्यें एक सामाईक भाषा घातली कीं वीस पुरतात. कमोडोर ६४ साठींहि कर्मिटची आवृत्ति निघाली होती.

मराठी माणसाला हें सांगावयास दूर जावयास नको. १९९० च्या सुमारास आपल्या छापखान्यांतून संगणकावर अक्षरजुळणी होऊं लागली, तेव्हां प्रत्येक फाँटकर्त्यानें काना, मात्रा आणि जोडाक्षरें आपापल्या सोईच्या क्रमांकांवर बसविलीं होतीं. एका छापखान्यांतील फाईल दुसरीकडे उघडली म्हणजे मराठीच्या जागीं इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. १९८८ सालच्या इस्की या भारतीय संकेतपद्धतीनें सामाईक क्रमांक सुचविले. तिच्याच आधारें १९९१ सालीं युनिकोडमध्यें देवनागरीस स्थान मिळालें. परंतु त्यापूर्वींच्या फाईली फाँटाविना आजहि मुक्याच आहेत, आणि त्यांत अनेक पुस्तकांच्या एकमेव संगणकीय प्रति असतील.

कर्मिटलाहि जें साधत नसे तें असें. लेखन-कार्यक्रम ठळक अक्षर, समास, पानांची रचना यांसाठीं स्वतःच्या गुप्त खुणा फाईलींत पेरून ठेवतो. त्या त्या कार्यक्रमावांचून दुसऱ्या कोणास त्या उमगत नाहींत. म्हणून जाणते लोक फाईल हलविण्यापूर्वीं ती जुन्याच यंत्रावर उघडून साध्या मजकुराच्या स्वरूपांत पुनः जतन करीत. याचा अर्थ उघड आहे: नवें यंत्र आल्याबरोबर जुनें भंगारवाल्यास देणें ही या सबंध व्यवहारांतील सर्वांत महाग काटकसर होय.

जुनें यंत्र आणि जुना कार्यक्रम हातचे गेले म्हणजे केवढे सायास पडतात, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. जुलै १९८५ मध्यें न्यूयॉर्क येथें कमोडोरनें आपला ॲमिगा हा नवा संगणक लोकांपुढें मांडला, त्या समारंभांत चित्रकार अँडी वॉरहॉल यानें गायिका डेबी हॅरी हिचें चित्र त्यावर रंगविलें. पुढें त्यानें त्या यंत्रावर आणखीहि चित्रें काढलीं. १९८७ सालीं तो वारला, आणि त्याच्या फ्लॉपी पिट्सबर्ग येथील त्याच्या नांवाच्या संग्रहालयांत पडून राहिल्या. २०११ सालीं कोरी आर्केंजेल या कलावंतानें त्यांची चौकशी आरंभिली, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठांतील संगणक-मंडळाच्या सभासदांनीं काम अंगावर घेतलें. चकत्या जुन्या, वारंवार फिरविल्यास त्यांवरील लेप खरवडून जावयाचा. म्हणून फाईली वाचण्याच्या भानगडींत न पडतां त्यांनीं प्रथम चकतीवरील चुंबकीय खुणाच जशाच्या तशा उतरवून घेतल्या आणि त्यांचा अर्थ मागाहून निवांतपणें लावला. तरीहि कांहीं फाईली कोणत्याहि परिचित कार्यक्रमांत उघडेनात, कारण त्या बाजारांत येण्यापूर्वींच्या एका कच्च्या चित्र-कार्यक्रमानें लिहिलेल्या होत्या. बाइटामागून बाइट लावीत त्यांची घडण उकलावी लागली. एप्रिल २०१४ मध्यें तीं चित्रें प्रसिद्ध झालीं: सूपचा एक डबा, वॉरहॉलचा स्वतःचा चेहरा, आणि बोटिचेलीच्या व्हीनसचें मुख, ज्यावर त्यानें दोहोंऐवजीं तीन डोळे बसवून ठेवले होते.