अंतर आणि अवधी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



म्हैसुरात दोन मराठी माणसे भेटली की पहिला प्रश्न हटकून येतो : ‘आपलं गाव कुठलं?’ आणि दुसरा : ‘इथून किती लांब?’ आपली वडीलधारी मंडळी याचे उत्तर मैलांत देत नसत, प्रवासातल्या रात्री मोजून देत. अरसीकेरे, हुबळी, बेळगाव करीत छोट्या रुळांची गाडी मिरजेला पोहोचे. पुणे-मिरज मार्ग १९७० च्या दशकाच्या आरंभी रुंद झाल्यावर तेथे ट्रंका, वळकट्या आणि मुले उतरवून दुसरी गाडी गाठावी लागे.

आज आपण विमानाने जातो. बेंगळुरू ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ८३० किलोमीटर. जेट विमानाच्या वेगाने ते तासाभराचे. पण धावपट्टीकडे जाणे, वर चढणे, उतरण्यापूर्वी थांबणे हे धरून वेळापत्रकात पावणेदोन तासांच्या आसपास भरते. मात्र देवनहळ्ळीचा विमानतळ आपल्या दारापासून सुमारे १८० किलोमीटर. आपल्या मंडकळ्ळीचा विमानतळ संस्थानी काळातला, १९४० चा. २०१० साली तेथून प्रवासी वाहतूक पुन्हा सुरू झाली, तीही लहान विमानांची. म्हणजे आकाशात जितका वेळ जातो, त्याच्या दुप्पट रस्त्यावर!

आता मुलांच्या गावाचे अंतर पाहू. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून थेट बेंगळुरूला आले. त्याचे सारे वैमानिक महिला होत्या. दोन्ही शहरांमधले सरळ हवाई अंतर जवळजवळ १४,००० किलोमीटर. दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध अंगांना असल्यामुळे जवळची वाट पूर्वेची नाही आणि पश्चिमेचीही नाही, ती उत्तर ध्रुवावरून जाते. नकाशावर हे पटत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा, लगेच पटते. प्रवासाला सुमारे सतरा तास लागले. शनिवारी रात्री निघालेले विमान सोमवारी पहाटे उतरले; मधला रविवार प्रवाशांच्या हाती जेमतेम लागला.

हे सारे विज्ञानाचे उपकारच आहेत. परंतु मध्यरात्री फोन खणखणतो आणि पलीकडून ‘निघा’ एवढाच शब्द येतो, तेव्हा आमच्यापैकी कित्येकांनी हा हिशेब अनुभवला आहे. तिकीट, रस्ता, तपासणी, विमान, पुन्हा रस्ता. काहीजण वेळेवर पोहोचलो. काहीजण पोहोचलो तेव्हा अंगणात चपलांची गर्दी होती आणि आत कोणी वाट पाहणारे उरले नव्हते. आता आपली मुले सातासमुद्रापार आहेत. उद्या त्याच फोनच्या या टोकाला आपण असू.

विमान कितीही वेगवान झाले तरी ते सतरा तास उरतातच. त्या सतरा तासांत उशाशी कोण बसणार, याचे उत्तर म्हणजे आपले मंडळ. गणेशोत्सव, नाटके, कोजागरी यांनी पन्नास वर्षे आपल्याला एकत्र ठेवले. ते याच वेळेसाठी, असे आम्हांस वाटते.

म्हणून एक नम्र सूचना. मंडळाने एक वही करावी. प्रत्येक घरातील वृद्धांची नावे, परगावी असलेल्या मुलांचे दूरध्वनी आणि पाच मिनिटांत येऊ शकेल अशा एका सभासदाचे नाव तीत असावे. आमचे नाव तीत पहिले लिहावे, ही विनंती.